पावातलं बाळ

पावातलं बाळ कोणी लपवलं याचा छडा महिना होत आला तरी लागला नव्हता, आणि ओब्दुलिया तो विषय सोडायला तयार नव्हती.

"बेकरीवाली शपथेवर सांगते, बाळ घातलं होतं म्हणून." केळीच्या पानावर मक्याचं पीठ थापता थापता तिने पुन्हा सुरुवात केली. "मी स्वतः जाऊन भांडून आले तिच्याशी. आपण सहा जण टेबलाशी बसलो होतो. सहातल्या एकाच्या घासात ते आलं आणि त्याने ते गुपचूप खिशात घातलं. बोटाच्या पेराएवढं प्लॅस्टिकचं बाळ, त्याच्यापायी फेरिया घराण्याची लाज काढली!"

"माझ्याकडे काय बघता, वन्सं?" एलोदिया म्हणाली. "मला निघालं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं. आणि नाही निघालं तरी आज तामाले मीच घालतेय ना?"

ते मात्र खरं होतं. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला गोल पाव कापायचा, ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्याने फेब्रुवारीच्या दोन तारखेला सगळ्यांना घरी बोलवून केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाले खाऊ घालायचे, हे काय काल-परवा ठरलेलं आहे? मेक्सिकोत ओआहाकाच्या डोंगरात असताना होतं, इकडे कॅलिफोर्नियात येऊन द्राक्षं छाटायला लागल्यावरही होतं. पण या वर्षी सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मग ओब्दुलियाने निकाल दिला की पाव एलोदियाच्या टेबलावर कापला, तर तामालेही एलोदियाच्याच चुलीवर.

"तुझ्याकडे नाही बघत मी. त्याच्याकडे बघतेय." हात पिठात, म्हणून ओब्दुलियाने हनुवटी दाराकडे उडवली. दारातून तिचा थोरला भाऊ फोर्तिनो टोपी झटकत आत येत होता. बाहेर धुकं इतकं दाट की भर दुपारी त्याच्या मिशीला दव लागलं होतं. "पाच माणसांना जेवायला घालायचं म्हटलं की याच्या पोटात गोळा येतो."

"हो, मीच गिळलं बाळ," फोर्तिनो म्हणाला. "अजून आत रडतंय. ऐकायचंय?" आणि त्याने पोट पुढे काढलं. ओब्दुलियाने त्याच्यावर केळीच्या पानाचं देठ फेकून मारलं.

एवढ्यात मागच्या खोलीतून क्रिस्पिन आला. एलोदियाचा नवरा या दोघांहून धाकटा, पण आज त्याच्याकडे बघून कोणाला ते पटलं नसतं. तो आधी खिडकीशी गेला, पडदा दोन बोटं बाजूला करून बघितलं, मग वळला.

"दादा, गाडी कुठे लावलीस?"

"दारात. आणखी कुठे लावू, छपरावर?"

"मागच्या गल्लीत लाव. तुझ्या दानियाला पण सांग, तिची आली की तिकडेच लावायची."

"अरे, सण आहे आज!"

"म्हणूनच सांगतोय. दारात तीन गाड्या दिसल्या की लोक मोजतात. कोण आलं, किती आले, कशाला आले."

फोर्तिनोने एलोदियाकडे बघितलं. तिने पातेल्यात डोकं घातलं. ऑक्टोबरात ओळखीतल्या रामोनाच्या जावयाला, कागद नाहीत म्हणून, इमिग्रेशनच्या पोलिसांनी पेट्रोल पंपावरून उचलून नेलं, तेव्हापासून क्रिस्पिनचं हे असंच चाललं होतं. मळ्यावर रोज वेगळ्या रस्त्याने जायचं. घरात गाणी लावायची नाहीत. दार वाजलं की आधी दिवा मालवायचा. फोर्तिनोचं बरं होतं. सरकारने चोरून आलेल्यांना माफी दिली त्या साली तो एकोणीस वर्षांचा होता, शेतमजुरांना राहायचे कागद वाटले तेव्हा रांगेत उभा राहिला आणि सुटला. क्रिस्पिन तेव्हा गावी शेंबूड पुसत होता. तो आला तोवर सगळी दारं बंद झाली होती. मग मळ्यावर काम मिळायला त्याने एक नाव उसनं घेतलं: हेक्तोर ओलिवास. टेक्सासचा कोणीतरी, ज्याचं तोंडही त्यांनी कधी बघितलं नाही. अठरा वर्षं झाली, मुकादम त्याला हेक्तोर म्हणतो, पगाराचा कागद हेक्तोरच्या नावाने येतो. लेक यारेली पहिलीत असताना तो कागद वाचून तिने विचारलं होतं, "आई, हेक्तोर कोण?" तेव्हा एलोदियाने सांगितलं होतं, "असाच एक काका आहे, लांब राहतो." पोर चार वर्षं त्या काकासाठी नाताळात चित्र काढायची.

फोर्तिनो पुटपुटत गाडी हलवायला गेला.

---

यारेली आणि दानिया चर्चमधून परतल्या तेव्हा पहिलं भांडं चुलीवर चढलं होतं. यारेलीच्या हातात घरातल्या बाळ येशूची मूर्ती होती, आशीर्वादासाठी नेलेली, ओब्दुलियाने शिवलेल्या पांढऱ्या झग्यात. तिने ती फळीवर नीट बसवली, झगा सारखा केला, आणि दप्तरातून एक निळी फाईल काढून थेट टेबलावर ठेवली, पिठाच्या परातीशेजारी.

आज नको गं, असं एलोदिया डोळ्यांनी म्हणाली. यारेलीने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. कोणावर गेली होती कोण जाणे! म्हणजे एलोदियाला पक्कं माहीत होतं कोणावर गेली ते, आणि ती बाई समोरच तामाले बांधत बसली होती.

"सगळे आहेत ना? मग आत्ताच बोलते," यारेली म्हणाली. "मला समुद्राकडच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळालाय. पाण्याचं इंजिनियरिंग."

"पाण्याचं काय इंजिनियरिंग करायचं असतं?" फोर्तिनोने विचारलं.

"काका, आपल्या नळाचं पाणी तुम्ही पिता का?"

"छे! वेडा आहे का मी?"

"मग तेच."

दानिया फिसकन हसली. ती फोर्तिनोची मुलगी, यारेलीपेक्षा वर्षाने मोठी, इथेच जन्मलेली. केस कापायच्या दुकानात लागली होती आणि पुन्हा वर्गात बसायचं नाव काढलं तर अंगावर यायची. पण आज ती खुर्ची ओढून यारेलीला खेटून बसली. एलोदियाने ते टिपलं. या दोघींचं आधीच काहीतरी ठरलेलं होतं.

"प्रवेश मिळाला, छान झालं," क्रिस्पिन भिंतीला टेकून म्हणाला. "बाकीचं, त्या फॉर्मचं, गुरुवारी बोलून झालंय. मी नाही म्हणालो."

"माझ्या एकटीसमोर म्हणालात. मला सगळ्यांसमोर ऐकायचंय."

एलोदियाला वाटलं, आता हा ओरडणार. पण क्रिस्पिन ओरडणारा माणूस नव्हताच. तो हळू बोलायचा, आणि त्या हळू बोलण्याचीच तिला जास्त धास्ती वाटायची.

"कसला फॉर्म आहे तो, आम्हाला पण कळू दे," ओब्दुलिया म्हणाली.

यारेलीने फाईल उघडली. "वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा, एक फॉर्म असतो, तो आपल्यासाठी नाही. आपण तो भरायचाच नाही. हा आपल्या राज्याचा आहे, कॅलिफोर्नियाचा. ज्या मुलांकडे कागद नाहीत त्यांच्यासाठीच काढलेला. मी इथल्या शाळेत तीन वर्षांच्या वर शिकले, तसं लिहून द्यायचं, ते मी दिलंय. त्याने फी इथल्या मुलांइतकीच लागते. नाही तर परदेशातून आल्यासारखी, तिप्पट. आणि हा फॉर्म भरला की ती फीसुद्धा राज्य भरतं. खोलीचं-जेवणाचं राहिलं, तर कागद न विचारणाऱ्या दोन शिष्यवृत्त्या शाळेतल्या मिस ओरोपेसांनी शोधून दिल्यात, आणि उरलेलं मी बघेन. दोन मार्चपर्यंत पाठवायचा. सगळं भरून झालंय. फक्त पालकाची सही राहिली आहे."

"आणि पालकाचं नाव, पत्ता, कमाई," क्रिस्पिन म्हणाला. "ते पण सांग की. खरं नाव आणि याच घराचा पत्ता."

"हो. खरं नाव."

"आणि नंबर? सरकारी नंबर विचारतात ना?"

"आई-बाबांचा नंबर नसेल तर शून्यं घालायची. नऊ शून्यं."

"नऊ शून्यं!" फोर्तिनोने मांडीवर थाप मारली. "ऐक, ओब्दुलिया. शेवटी सरकारने भाव सांगितलाच आपला."

"तुझा नाही सांगितला, तू कागदवाला आहेस," ओब्दुलिया म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता. तिने हातातलं पान बाजूला ठेवलं. "यारेली, बाळा, माझं ऐक. आपल्या आबांनी एकदाच कागदाला हात लावला. लाकूडवाले आले, गोड बोलले, आबांनी अंगठा उठवला. वर्षाने कळलं, पाइनचं सगळं रान त्यांच्या नावावर गेलं. मरताना काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, पोरांनो, उपाशी राहा, पण कागदावर नाव देऊ नका. क्रिस्पिन खोटं नाही बोलत."

क्रिस्पिनने मान हलवली. म्हणजे वन्संही तिकडेच. एलोदियाने मनात मोजलं: हे दोघं एका बाजूला, पोरी दुसऱ्या बाजूला, फोर्तिनो कुंपणावर, आणि आपण? आपण चुलीपाशी. आठ दिवस झाले होते, पोर तिच्याकडेच आधी आली होती, आणि तिने "बाबांना विचार" म्हणून हात झटकले होते. तोंडात मूग धरून बसायची तिला सवय झाली होती, आणि आज त्या सवयीची तिला शरम वाटत होती.

"एवढं कशाला ताणायचं?" फोर्तिनो पुढे सरकला. त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली, जी आली की घरात हमखास काहीतरी निस्तरावं लागायचं. "सोपी गोष्ट आहे. दानियाचा नंबर आहे ना? नुसता पडलाय. ही काही कॉलेजात जाणार नाही. यारेलीने दानिया फेरिया म्हणून फॉर्म भरायचा. वॉशिंग्टनचाच भरायचा, पैसे पण जास्त मिळतील! आडनाव एक, तोंडवळा एक. कोण बघतंय?"

"मी सांगितलं तिला, घे म्हणून," दानिया म्हणाली. "मला काय करायचाय तो नंबर? नाही म्हणाली."

"का नाही? आम्ही सगळे असेच जगलो!"

"मला नाही जगायचं तसं." यारेली उभी राहिली. तिचा आवाज खाली येत नव्हता. "चार वर्षं अभ्यास करायचा आणि शेवटी पदवी दानियाच्या नावाची? भिंतीवर लावून रोज काय वाचू? मी माझ्या नावाने जाईन. यारेली फेरिया. शून्यं तर शून्यं, पण माझी. जन्मभर दुसऱ्याचं नाव पांघरून फिरायचं नाही मला!"

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. सगळ्यांनाच कळलं. फोर्तिनोने टोपी हातात घेतली आणि तिची कड तपासायला लागला.

क्रिस्पिन भिंतीपासून सरळ झाला.

"त्याच नावाने जेवलीस तू," तो म्हणाला. अगदी हळू. "तू तिकडे गावी आईच्या पोटात होतीस तेव्हा मी इथे ते घेतलं. थंडीत बोटं बधिर होईपर्यंत वेली छाटल्या त्या हेक्तोरने. तुझे बूट, तुझी वह्या-पुस्तकं, तुझ्या दातांचा डॉक्टर. लाज वाटत असेल तर ते सगळं त्याला परत कर."

"लाज नाही वाटत, बाबा." यारेलीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तिने ते पुसलं नाही. "राग येतो. तुमचा नाही. अठरा वर्षं त्या हेक्तोरच्या पगारातून कर कापून घेतात. दर आठवड्याला. तो कधी परत आला? तुम्ही म्हातारे झालात की त्यातली पेन्शन कोणाला मिळणार? तुम्हाला? या राज्यातल्या शाळा, रस्ते, विद्यापीठं, सगळ्यात तुमचं आहे. मी भीक मागत नाहीये. तुमच्याकडून घेतलं त्यातलं चिमूटभर परत मागतेय. आणि ते मी तोंड लपवून मागणार नाही!"

"आणि हाच कागद घेऊन ते दारात आले तर? लिहून देतेस, येणार नाहीत म्हणून?"

यारेलीने ओठ चावला. खोटं बोलून तिला हो म्हणता आलं असतं. एलोदियाला तर वाटलं, म्हण गं पोरी, हो म्हणून टाक.

"नाही देत लिहून," यारेली म्हणाली. "राज्य ही माहिती वॉशिंग्टनला देत नाही, तसा नियम आहे. पण नियम बदलू शकतात. मिस ओरोपेसांनी पण तेच सांगितलं, शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही, बाबा."

क्रिस्पिनने दोन्ही हात पसरले, म्हणजे झालं तर मग, असे. आणि तो पुन्हा खिडकीकडे वळला.

---

पहिलं भांडं तयार झालं होतं, पण कोणाला भूक आहे असं दिसत नव्हतं. अखेर ओब्दुलियाने हात धुतले, पदराला पुसावे तसे कमरेच्या फडक्याला पुसले, आणि म्हणाली,

"वाच."

"काय?"

"तो फॉर्म. पहिल्या ओळीपासून. माझ्यासाठी आपल्या भाषेत सांगत वाच, आणि एकही ओळ गाळू नकोस."

यारेलीने वाचायला सुरुवात केली. नाव. जन्मतारीख. शाळा, कोणत्या वर्षी कोणती. घरात माणसं किती. कमाई किती. ओब्दुलिया मध्येच थांबवायची: "हे कशाला हवंय त्यांना?" यारेली सांगायची. "आणि हे बारीक अक्षरात काय लिहिलंय? तेच वाच आधी." यारेलीने तेही वाचलं. "आईबाप काम कुठे करतात, हे विचारलंय?" नाही, कुठेच नाही. दोनदा वाचून दाखवलं, नाही. पाऊण तास हे चाललं. फोर्तिनोने तेवढ्यात तीन तामाले संपवले, आणि त्याला कोणी रागावलंसुद्धा नाही.

शेवटची ओळ झाल्यावर ओब्दुलिया खुर्चीत मागे टेकली.

"क्रिस्पिन," ती म्हणाली, "मघाशी मी चुकीचं बोलले. आबांनी कागदाला हात लावला म्हणून रान नाही गेलं. आबांना वाचता येत नव्हतं म्हणून गेलं. लाकूडवाल्याने जे सांगितलं त्यावर त्यांनी अंगठा दिला. ही पोर बारीक अक्षरंसुद्धा वाचते, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगते. असं माणूस आपल्या घरात पहिल्यांदा निघालंय. ते पण आपण घरातच कोंडून घालायचं?"

"तुझं काय जातंय, ताई? पत्ता माझ्या घराचा आहे."

"माझ्या घराचा घाल! घे, लिही गं, माझा पत्ता लिही!"

"तुम्ही माझ्या पालक नाही, आत्या," यारेली रडता रडता हसली.

"मी आहे," एलोदिया म्हणाली.

ती हे मोठ्याने म्हणाली हे तिला सगळ्यांच्या माना वळल्यावर कळलं. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. तिने गॅस बारीक केला, हात धुतले, नखांतलं पीठसुद्धा काढलं, आणि टेबलाशी येऊन उभी राहिली.

"एकाच पालकाची सही लागते ना? दे पेन."

"एलोदिया!" क्रिस्पिन म्हणाला.

"काय एलोदिया? इतकी वर्षं तू म्हणशील तसं केलं मी. पडदे लाव म्हणालास, लावले. गाणी बंद म्हणालास, बंद केली. रामोनाच्या जावयाने कुठल्या कागदावर सही केली होती, सांग ना मला? कुठल्याच नाही! तो पेट्रोल भरत होता, क्रिस्पिन. तुझ्यासारखाच आडवाटेने जायचा, तुझ्यासारखाच दार वाजलं की दिवा मालवायचा. नेलाच ना त्याला? भिऊन जर सुटका होत असती तर मी तुझ्याहून जास्त भ्याले असते. मलाही भीती वाटते. पण न्यायचंच असेल त्यांना मला, तर माझ्या पोरीच्या फॉर्मवर सही केली म्हणून नेऊ देत. पेट्रोल भरताना नको."

तिने खरंच पेन उचललं. यारेलीने शेवटचा कागद तिच्यापुढे सरकवला. छापलेल्या ओळीच्या टोकाला फुली करून ठेवली होती.

"थांब," क्रिस्पिन म्हणाला.

"नाही थांबणार."

"थांब म्हणतो ना, बाई! मला एक सांगायचंय." तो टेबलाशी आला. जीन्सच्या त्या छोट्या खिशात, ज्यात माणसं काहीच ठेवत नाहीत, त्याने दोन बोटं घातली आणि काहीतरी काढून फाईलवर ठेवलं.

पांढरं, गुळगुळीत, बोटाच्या पेराएवढं. पावातलं बाळ.

"तू?" ओब्दुलिया किंचाळली. "मेल्या, तू? आणि मी महिनाभर या गरिबाला शिव्या घालतेय!"

"सांगत होतो मी!" फोर्तिनो तामाले भरल्या तोंडाने म्हणाला. "कोणी विश्वास ठेवला?"

क्रिस्पिन त्यांच्याकडे बघत नव्हता. तो एलोदियाकडे बघत होता.

"दाताखाली आलं, तसं मला कळलं. माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? आता घरी सगळ्यांना बोलवावं लागणार. दारात गाड्या, घरात हसणं-बोलणं, शेजारी बघणार. म्हणून मी ते जिभेखाली धरलं आणि मोरीवर जाऊन खिशात टाकलं. पैशासाठी नाही, एलोदिया. देवाशपथ. माझ्याच घरात माझ्याच माणसांना जेवायला बोलवायला मी भ्यालो. रोज ते खिशात असतं. रोज मळ्यावर हात लागतो त्याला, आणि रोज लाज वाटते." "बाळ मला निघालं होतं. मग आजचा यजमान मी. सही पण मीच करणार. सरक."

एलोदियाने पेन त्याच्या हातात दिलं. त्या हाताची तर्जनी छाटणीच्या कात्रीने कायमची वाकडी झाली होती, ती पेनावर नीट बसेना. तो खुर्चीत बसला. यारेली त्याच्या खांद्यामागे उभी राहिली. त्याने कागद सरळ केला, डाव्या हाताने दाबून धरला, आणि झरझर लिहायला सुरुवात केली, दर शुक्रवारी पगाराच्या खिडकीशी करतो तशी.

आणि मध्येच हात थांबला.

कागदावर चार अक्षरं उमटली होती. हेक्तोरची पहिली चार अक्षरं.

क्रिस्पिन त्या अक्षरांकडे बघत राहिला. "बघितलंस?" तो शेवटी म्हणाला, कोणाला ते कळलं नाही. "हातालासुद्धा माहीत नाही मी कोण आहे ते. घालवला तुझा कागद."

एलोदियाला वाटलं, संपलं. आता हा उठेल, खिडकीशी जाईल, आणि पुन्हा काही याच्या हातात पेन येणार नाही.

यारेलीने फाईलच्या मागच्या कप्प्यातून दुसरा कागद काढला. तसाच, टोकाला फुली केलेला. त्याच्याखाली आणखी एक होता.

"मिस ओरोपेसांनी तीन छापून दिलेत," ती म्हणाली. "म्हणाल्या, पहिला वाया जातोच. दरवर्षी. सगळ्यांच्या बाबांचा."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. त्यांच्या बाबांचा पण गेला होता."

क्रिस्पिनच्या छातीतून एक विचित्र आवाज आला. आधी वाटलं हुंदका आहे, मग तो हसत होता असं दिसलं, आणि मग दोन्ही एकदमच चाललंय हे कळलं. एलोदियाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ओब्दुलियाने एक कोरं केळीचं पान त्याच्यासमोर आपटलं.

"घे. आधी यावर गिरव. आबांनी ठेवलेलं नाव आहे, काय विसरायला झालं?"

त्याने पानावर गिरवलं. हिरव्यावर निळी शाई धड दिसत नव्हती, पण पेनाचा ओरखडा दिसत होता. क्रिस्पिन फेरिया. पहिल्यांदा वेडंवाकडं, शाळकरी पोराचं असावं तसं. दुसऱ्यांदा बरं. पाचव्यांदा त्याने शेवटच्या अक्षराला खाली एक लांब शेपटी काढली, आणि एलोदियाला एकदम आठवलं, लग्नाआधी गावाहून गावाला तो जी पत्रं पाठवायचा त्यांच्या खाली हीच शेपटी असायची. इतक्या वर्षांत ती तिने पुन्हा बघितली नव्हती.

मग त्याने दुसरा कागद ओढला आणि सावकाश, एकेक अक्षर उच्चारत सही केली. शेपटीसकट.

यारेलीने कागद उचलून शाईवर फुंकर मारली आणि तो छातीशी धरला. दानियाने तिला मिठी मारली. तिसरा कागद कोरा उरला होता, तो एलोदियाने काढून घेतला आणि बाळ येशूच्या फळीवर ठेवला. गल्लीत आणखी तीन-चार घरं होती, जिथे पोरी बारावीला होत्या आणि बाप खिडकीशी उभे असायचे. त्यांच्यापैकी कोणालातरी तो दाखवायला लागणारच होता.

"जेवा आता!" ओब्दुलिया गरजली. "निवून दगड झालेत सगळे!"

क्रिस्पिन उठला, पण ताट घ्यायला आला नाही. तो खिडकीशी गेला. एलोदियाचा हात पातेल्यावरच थांबला. त्याने पडद्याची कड धरली, आणि दोन बोटं नव्हे, तर अख्खा पडदा सर्रकन एका टोकाला ओढला. बाहेर धुकं विरळ होत होतं. समोरची म्हातारी आपल्या पायरीवर उभी राहून इकडेच बघत होती.

"दादा," तो मागे न वळता म्हणाला, "तुझी गाडी त्या गल्लीत कशाला? घरात सण आहे. आण दारासमोर."

"आणि लोकांनी मोजलं तर?"

"मोजू देत. त्या म्हातारीला पण हाक मार येताना, जेवायला ये म्हणावं." त्याने बाह्या दुमडल्या. "आणि कोणाच्या घरी, असं विचारलं तिने, तर क्रिस्पिन फेरियाच्या घरी म्हणून सांग."